मडक्याचे बूड

डिझायनर घडवण्याच्या शास्त्रात पहिला व्यायाम मडक्याचा. पुढे जाऊन माणूस मोटारींचे आकार आखो, साडीचे काठ काढो, नाहीतर मोबाइलच्या पडद्यावरची बटणे गोल करो, महाराष्ट्रात त्याची सुरुवात स्टुलावरचे एक मडके, त्याला टेकलेला तांब्या आणि पुढ्यात टाकलेले दोन कांदे यांच्यापासूनच होते. या मांडणीला वस्तुचित्र म्हणतात. कला संचालनालयाच्या शासकीय रेखाकला परीक्षांत, म्हणजे लोकांच्या भाषेत ‘एलिमेंटरी’ आणि ‘इंटरमिजिएट’मध्ये, समोर वस्तू मांडून काढायचा एक पेपर असतोच, बाकीचे पेपर स्मरणचित्र, संकल्पचित्र आणि भूमिती-अक्षरलेखनाचे. मुंबईचे सर ज. जी. कला विद्यालय १८५७ साली निघाले. तिथून चित्रकलेचे शिक्षण पाझरत पाझरत हिंगोली जिल्ह्यातल्या नरसी नामदेवपर्यंत आले, तेव्हा त्यातले बरेच काही वाटेत सांडले होते. मडके तेवढे शाबूत पोचले.

नरसी हे कयाधूच्या काठचे गाव. संत नामदेवांचा जन्म १२७० साली इथे झाला असे मानतात. घराणे शिंप्याचे. त्यामुळे माप घेणे, कापणे आणि जोडणे या तिन्ही क्रियांशी गावाचे नाव साडेसातशे वर्षांपासून जोडलेले आहे. तरीही गावातल्या मुलाने ‘मला डिझायनर व्हायचंय’ असे म्हटले की घरात आधी शांतता पसरते आणि मग कोणीतरी विचारते, ‘‘कपड्याचा का घराचा?’’ तिसरा प्रकार असू शकतो हे समजावून सांगेपर्यंत भाकरी गार होते.

या शिक्षणाची आद्य प्रेरणा मात्र सर्वत्र एकच असते. इंटरमिजिएटला ए श्रेणी मिळाली तर दहावीत ७ गुण वाढतात, बीला ५ आणि सीला ३. कलेची ओढ साधारण याच प्रमाणात असते. ज्यांना गुणांचाही मोह नसतो ते परीक्षेचे केंद्र हिंगोलीला पडेल, एसटीने जायला मिळेल आणि स्टँडवर भजी खायला मिळतील या आशेने फॉर्म भरतात. प्रस्तुत लेखक या शेवटच्या गटातला. मोठमोठ्या चित्रकारांच्या चरित्रांत भज्यांचा उल्लेख का येत नाही हे त्याला अजून कळलेले नाही.

वस्तुचित्राची पद्धत अशी. विद्यार्थ्याने एक डोळा मिटायचा, पेन्सिल धरलेला हात ताठ पुढे करायचा आणि अंगठ्याने पेन्सिलीवर मडक्याची उंची मोजायची. चाळीस पोरे एकाच वेळी असा नेम धरतात तेव्हा बाहेरून जाणाऱ्याला मडक्यावर धाड पडली असावी असे वाटते. मोजून झालेले माप कुठे वापरायचे हे कोणालाच माहीत नसते. म्हणून मोजमाप संपले की सगळे डोळा उघडतात आणि न मोजता जे काढले असते तेच काढतात. मडक्याचे तोंड खरे तर गोल, पण समोरून ते लंबगोल दिसते. लंबगोल काढता काढता त्याला दोन्ही टोकांना अणकुचीदार कोपरे येतात आणि मडके हसते आहे असे दिसू लागते. सर्वात अवघड भाग बुडाचा. खरे मडके बुडाला गोल असते आणि चुंबळीवर बसते. चुंबळ काढणे कोणालाही जमत नाही, म्हणून ती चित्रातून वगळली जाते. मग गोल बुडाचे मडके स्टुलावर उभे कसे, हा प्रश्न उरतो. तो सोडवण्यासाठी विद्यार्थी पट्टी घेऊन मडक्याचे बूड सरळ रेषेत कापून टाकतो. कुंभाराला हजारो वर्षांत जे करावेसे वाटले नाही ते आठवीच्या वर्गात पाच मिनिटांत होते.

प्रस्तुत लेखकाच्या पहिल्या मडक्याबद्दल वर्गात जो संवाद झाला तो इथे नोंदवणे भाग आहे.

‘‘हे काय काढलंस रे?’’

‘‘मडकं, सर.’’

‘‘मडकं? मी म्हणलं वांगं हाय.’’

‘‘वांग्याला देठ असतंय, सर.’’

‘‘मंग हे वर काय हाय?’’

‘‘तोंड.’’

सरांनी पुढे काही न बोलता खोडरबर हातावर ठेवला. खोडून खोडून कागद इतका पातळ झाला की मडक्यातून पलीकडच्या पोराचे मडके दिसू लागले. तेही वांग्यासारखेच होते.

मडक्याशेजारच्या तांब्याला मात्र आंतरराष्ट्रीय कीर्ती आहे. चार्ल्स आणि रे ईम्स हे अमेरिकन डिझायनर जोडपे भारत सरकारच्या निमंत्रणावरून इथे फिरले आणि १९५८ साली त्यांनी एक अहवाल दिला. देशभर पाहिलेल्या वस्तूंत त्यांना सर्वात जास्त भावला तो तांब्या. त्यात पाणी किती मावावे, तो हातात, कमरेवर, डोक्यावर कसा बसतो, भरलेला असताना आणि रिकामा असताना त्याचा तोल कसा राहतो, ओतताना धार कशी पडते, तो खणकन आपटला तर आवाज कसा येतो, मोडीत काढला तर किंमत किती येते, असे प्रश्न त्यांनी मांडले. आणि एवढी देखणी वस्तू कोणा एकाने बसून आखलेली नाही, ती पिढ्यान्‌पिढ्या घडत आली, असे म्हटले. या अहवालातून पुढे १९६१ साली अहमदाबादला राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली. वर्गात मात्र तोच तांब्या पिढ्यान्‌पिढ्या बिघडत आलेला आहे. शिवाय ईम्स यांच्या यादीतून एक प्रश्न सुटला : परीक्षेच्या सरावासाठी घरचा तांब्या शाळेत गेला तर घरात सकाळी काय करायचे? या प्रश्नावर प्रस्तुत लेखकाच्या घरी जी चर्चा झाली ती छापण्याजोगी नाही. सारांश एवढाच, की दुसऱ्या दिवसापासून वर्गात तांब्याऐवजी प्लॅस्टिकचा मग ठेवण्यात आला. मगाला कान असतो. तेव्हा जिथून कान दिसणार नाही अशा बाकासाठी मारामाऱ्या सुरू झाल्या.

दुसरा व्यायाम स्मरणचित्र. कधीही न पाहिलेली गोष्ट आठवून काढणे, अशी त्याची व्याख्या करता येईल. नरसीच्या आसपास कडुनिंब आणि बाभळी आहेत, शेतांत सोयाबीन, कापूस आणि हळद आहे. परंतु नरसीच्या मुलाने काढलेल्या प्रत्येक निसर्गचित्रात नारळाची झाडे असतात. दोन त्रिकोणी डोंगर असतात, त्यांच्या फटीतून सूर्य वर येत असतो आणि त्याच फटीतून एक नदी खाली येत असते. सूर्य विझत कसा नाही हे विचारायचे नसते. कयाधू गावाला लागून वाहते, पण तिला दोन डोंगर नाहीत म्हणून तिला चित्रात प्रवेश नाही. आकाशात मराठी चारच्या आकड्याच्या जवळपास जाणारे पाच पक्षी असतात. हे चित्र अवघ्या महाराष्ट्रात एकच आहे. ते मूळ कोणी पाहिले होते याचा पत्ता लागलेला नाही.

परीक्षेत मात्र निसर्गचित्र चालत नाही, माणसे काढावी लागतात. बाजार, फुगेवाला, विहिरीवर पाणी भरणाऱ्या बायका, झोपाळ्यावरच्या मुली, असे विषय येतात. माणसांच्या बाबतीत अडचणीच्या जागा तीन : चेहरा, हाताचे पंजे आणि पावले. शिवाय ही माणसे विषयानुसार काहीतरी करत असली पाहिजेत, नुसती उभी राहून चालत नाही. यावर शोधलेले उपाय शालेय कलेतला सर्वोच्च बुद्धिविलास म्हणावे लागतील. सगळी माणसे पाठमोरी असतात. पुरुषांचे हात खिशात, बायकांचे पदराखाली. पावले गवतात. भर बाजारात, डांबरी रस्त्यावर, रेल्वेच्या फलाटावरसुद्धा गुडघाभर गवत उगवलेले असते. परीक्षकांच्या नजरेने पाहिले तर महाराष्ट्र हा पाठ फिरवून गवतात उभ्या असलेल्या लोकांचा प्रदेश आहे.

बरेच विद्यार्थी एकच चित्र घोटून पाठ करतात आणि येईल त्या विषयाला जोडतात. प्रस्तुत लेखकाने भाजीबाजार पाठ केला होता. पेपरात क्रिकेटचा सामना आला. त्याने भाजीवाल्या बाईच्या मागे तीन दांड्या रोवल्या, गिऱ्हाइकाच्या हातातल्या पिशवीची बॅट केली आणि टोपलीतला एक टोमॅटो हवेत उडवला. श्रेणी सी मिळाली. परीक्षकांना बहुधा भाजी घ्यायची होती.

पण याच वर्गात एक खरा नमुना निपजला, आणि तो इथे सविस्तर सांगण्यासारखा आहे. आषाढीला पंढरपूरला गेलेले वारकरी परतताना वद्य एकादशीला नरसीत येतात. परतवारी म्हणतात तिला. त्या दिवशी गावात पाय ठेवायला जागा नसते. सरांनी सरावासाठी विषय दिला, परतवारी. एवढी माणसे काढायची म्हटल्यावर वर्गाला घाम फुटला. शेवटच्या बाकावरच्या एका पोराने, ज्याला सरळ रेघही नीट मारता येत नव्हती, पानभर छत्र्या काढल्या. काळ्या अर्धगोल छत्र्या, एकीला एक चिकटून, वरपासून खालपर्यंत. मध्ये एक पताका.

‘‘माणसं कुठं हायत रे?’’

‘‘खाली हायत, सर. पाऊस लागलाय ना.’’

सरांनी चित्र हातात घेतले, लांब धरले, जवळ धरले. मग ते खिडकीपाशी जाऊन बराच वेळ बाहेर पाहत राहिले. त्यांना बहुधा रागवायचे होते आणि कशाबद्दल ते सापडत नव्हते.

तिसरा पेपर संकल्पचित्राचा, आणि डिझाइन हा शब्द इथे पहिल्यांदा अधिकृतपणे कानावर पडतो. एखाद्या वर्तुळात किंवा चौकोनात पाने, फुले, पक्षी, मासे यांतून नक्षी बसवायची आणि सपाट रंग भरायचे. यात मोठी सोय अशी की वर्तुळाचा पाव भाग काढला की काम भागते; उरलेले तीन पाव पातळ कागदावर गिरवून, मागून पेन्सिल घासून उमटवता येतात. सोय म्हटली की घोटाळा आलाच. पाव भागातला पोपट ज्या बाजूला चोच करून बसलेला असतो ती बाजू मध्याकडे आली तर चारही पोपट एकमेकांच्या चोचीत चोच घालून भांडू लागतात. कडेला गेली तर चौघे रुसल्यासारखे पाठ फिरवून बसतात. प्रस्तुत लेखकाचे चार पोपट मध्यभागी इतके गुंतले की त्यांचे कमळ झाले. ‘‘कमळ चांगलं हाय,’’ सर म्हणाले. त्याने मान डोलावली आणि हिरव्या कमळाला लाल पाकळ्या केल्या. पुढे या क्षेत्रात ज्याला ‘हे असंच करायचं होतं’ म्हणतात, त्याचा हा पहिला पाठ.

रंगांबद्दल थोडे सांगितले पाहिजे. मराठी मुलाच्या रंगपेटीवर उंट असतो. दांडेकर बंधूंनी मुंबईत १९३१ साली शाईचा धंदा सुरू केला तेव्हा त्या शाईचे नाव ‘हॉर्स’ होते. उंट पुढे आला. घोडा काढायला घ्यावा आणि उंट व्हावा हे चित्रकलेच्या वर्गात रोजचेच आहे, पण त्याच्यावर एवढी मोठी कंपनी उभी राहिल्याचे उदाहरण एकच. पेटीतला पिवळा आधी संपतो, कारण सूर्य, सूर्यफूल, हिरवा करण्यासाठी निळ्यातली भर आणि भावंडांची लूट हे सगळे त्याच्याच जिवावर चालते. हळदीच्या मुलखात पिवळ्याला तोटा पडू नये असे मानून एकदा खरी हळद कालवण्यात आली. चित्र उत्तम झाले. शर्ट, बाक आणि भूगोलाची वहीदेखील त्याच रंगात उत्तम झाली. दुसऱ्या दिवशी ‘‘कुणाची हळद होती रे?’’ हा प्रश्न गावात अनेकांनी विचारला.

अक्षरलेखनाचा पेपर भूमितीला जोडून येतो, म्हणून त्यात अक्षरे पट्टीने काढतात. या विद्येचे खरे गुरुकुल मात्र शाळेबाहेर, पेंटरच्या दुकानात. कमल शेडगे यांनी मराठी नाटकांच्या जाहिरातींत अक्षरांना नाटकाचा स्वभाव दिला. र. कृ. जोशी यांनी पवईच्या आयआयटीतल्या औद्योगिक डिझाइन केंद्रात शिकवले, आणि संगणकावरचा ‘मंगल’ फॉन्ट त्यांच्याच हातचा. सरकारी पत्र कितीही अमंगल असले तरी ते पुष्कळदा याच अक्षरांत येते. गावच्या पेंटरला या मंडळींची नावे ठाऊक नसतात, पण अक्षरांना सावली कोणत्या बाजूने द्यायची हे तो डोळे मिटून सांगतो. त्याची एकच अडचण, जागेचा अंदाज. ‘सुस्वागतम्’ लिहायला घ्यावे तर ‘सु’ हत्तीएवढा, ‘स्वा’ म्हशीएवढा, ‘ग’ शेळीएवढा आणि ‘म्’ कमानीच्या खांबावर चढलेला. यावर उपाय म्हणून शाळेत आधी अक्षरे मोजून मधल्या अक्षरापासून दोन्हीकडे लिहायला शिकवतात. प्रस्तुत लेखकाने एका सत्काराच्या फलकावर हा उपाय केला. ‘हार्दिक अभिनंदन’मध्ये मधले अक्षर कोणते यावर तिघांचा वाद झाला, फलक रिकामाच राहिला आणि सत्कारमूर्ती पाहुण्यांना विचारू लागले, कोणाचा सत्कार हाय?

पेंटरनंतर फ्लेक्स आला. फ्लेक्सवर जागेचा प्रश्न संगणक सोडवतो. तिथे प्रश्न तोंडांचा. एका फ्लेक्सवर शुभेच्छुकांचे चाळीस चेहरे बसवणे हा आजच्या तरुण डिझायनरचा सर्वात कठोर व्यायाम आहे. चेहऱ्याचा आकार वर्गणीच्या प्रमाणात, गॉगल ऐच्छिक, मोबाइल कानाला लावलेला असेल तर तो पुढारी, नमस्कार केलेला असेल तर उमेदवार. वरच्या ओळीतला एक चेहरा अर्धा इंच लहान झाला तर मध्यरात्री फोन येतो. स्मरणचित्रात चेहरे टाळून मोठा झालेला विद्यार्थी इथे पुरता सापडतो. गवत काढायला फ्लेक्सवर जागाच नसते.

शाळा संपून मुलगा मोठ्या शहरातल्या डिझाइनच्या कॉलेजात गेला की व्यायामांची जात बदलते. तिथे मडके नसते, ‘प्रक्रिया’ असते. या प्रक्रियांचे मूळ पीठ जर्मनीतले बाउहाउस, १९१९ साली वायमारला निघालेले. तिथला प्राथमिक वर्ग योहानेस इटेन घेत. ते रेषा काढायच्या आधी मुलांकडून श्वसनाचे व्यायाम करून घेत आणि स्वतः एका पंथाचे असल्याने शाकाहार आणि लसूण यांचा आग्रह धरत. खाणावळीत लसूण इतका चाले की त्याचा वास लोकांच्या आठवणींत कायमचा राहिला. नरसीच्या मुलाला हे ऐकून घरची लसणाची चटणी आठवते आणि आपण अर्धा कोर्स आईच्या हातून पुरा केला आहे असे वाटते. तिथेच योझेफ आल्बर्स विद्यार्थ्यांच्या हातात वर्तमानपत्र देत आणि त्याचे काहीतरी करून आणायला सांगत. कागद वाया जाऊ न देता, मुख्यत्वे घड्यांवर. हा व्यायाम गावचा किराणा दुकानदार दिवसातून दोनशे वेळा करतो. जुन्या वर्तमानपत्राची पुडी, आत पावशेर साखर, वरून दोऱ्याचे तीन वेढे, आणि उरलेला दोरा तर्जनीच्या एका झटक्याने तोडलेला. डिंक नाही, कात्री नाही. पुडी घरी नेईपर्यंत सुटत नाही आणि घरी गेल्यावर उघडून तिच्यावरची अर्धी बातमी वाचता येते. दुसरी अर्धी हरभऱ्याच्या डाळीला गेलेली असते.

अमेरिकेत गिलफर्ड नावाच्या मानसशास्त्रज्ञांनी सर्जनशीलता मोजण्यासाठी एक चाचणी रूढ केली. नेहमीच्या वापरातली एखादी वस्तू द्यायची आणि तिचे जमतील तेवढे निराळे उपयोग लिहून घ्यायचे. वस्तू बहुधा वीट असते. सुट्टीत गावी आलेल्या प्रस्तुत लेखकाने हा प्रयोग मोठ्या हौसेने धाकट्या पोरांवर करून पाहिला.

‘‘विटेचे शंभर उपयोग सांगा.’’

‘‘विठोबाला उभं राहायला.’’

‘‘बरोबर. दुसरा?’’

पोरे गप्प.

‘‘अरे, दुसरा सांगा की. नव्व्याण्णव राहिलेत.’’

‘‘कसं सांगावं, दादा? देव उभा हाय तिच्यावर.’’

गिलफर्ड यांच्या हिशेबात या पोरांना शंभरात एक गुण पडतो. वीट पुंडलिकाने दिली होती आणि त्यालाही तिचा एकच उपयोग सुचला होता, हे लक्षात घेता निकाल फार वाईट म्हणता येत नाही.

दुसरा प्रसिद्ध व्यायाम तीस वर्तुळांचा. तो स्टॅनफर्डच्या रॉबर्ट मॅकिम यांच्या नावावर आहे : कागदावर तीस कोरी वर्तुळे द्यायची आणि थोड्या मिनिटांत प्रत्येकाचे काहीतरी करायचे. चेंडू, घड्याळ, सूर्य, चाक अशी उत्तरे अपेक्षित असतात. नरसीतल्या प्रयोगात वेळ दुपारी एकची होती. तीसच्या तीस भाकरी निघाल्या. ‘‘एक तरी निराळी काढायची ना,’’ असे म्हटल्यावर कोपऱ्यातल्या वर्तुळाकडे बोट दाखवण्यात आले. ती करपलेली होती.

आता प्रेरणांकडे वळू. डिझायनर नावारूपाला आला की त्याला ‘तुमची सुरुवातीची प्रेरणास्थाने कोणती’ असे विचारतात आणि तो खोटे बोलतो. तो निसर्गाचे नाव घेतो, आजीच्या डोळ्यांतल्या समाधानाचे नाव घेतो, थोडा जपानला जाऊन येतो. खरी प्रेरणास्थाने भिंतीवर आणि माळ्यावर असतात. पहिली अंकलिपी. ‘अ’ अननसाचा शिकणाऱ्या मुलाने अननस पाहिलेला नसतो आणि ‘ई’ ईडलिंबूचा म्हटले तर ईडलिंबू त्याच्या आजोबांनीही पाहिलेले नसते. ‘औ’ औताचा आला की मात्र वर्ग एकदम जागा होतो, कारण चित्रातल्या औताचे काय काय चुकले आहे हे प्रत्येकाला सांगायचे असते. दुसरी ‘कालनिर्णय’, १९७३ पासून भिंतीवर टांगलेली. एका चौकोनात तारीख, तिथी, नक्षत्र, सण आणि कोपऱ्यात आईने पेनाने लिहिलेले दुधाचे लिटर, इतकी माहिती न सांडता बसवणे कॉलेजात सहा महिने शिकवतात.

तिसरी, आणि खरी मोठी, शिंप्याचे दुकान. तिथे कापड कापण्यापूर्वी वर्तमानपत्रावर बेतलेले कागदी नमुने खिळ्याला लटकत असतात. पाठ, छाती, बाही, सगळे वेगळे, जणू गावातली माणसे सुटी करून टांगलेली. शिंपी गिऱ्हाइकाला पाहूनच माप सांगतो आणि तरीही टेप लावतो, कारण टेप न लावलेल्या मापावर गिऱ्हाइकाचा विश्वास बसत नाही. शहरातला डिझायनर हेच करतो, फक्त टेपेला ‘संशोधन’ म्हणतो आणि त्याचे वेगळे पैसे लावतो. नामदेवांच्या ६१ रचना शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात आहेत, आणि त्यांतल्या एकीत गज, कात्री, सुई, दोरा ही धंद्याची हत्यारेच थेट भक्तीच्या कामाला लावलेली आहेत. आपल्या हातातल्या कामाकडे असे बघता आले नाही म्हणून पुष्कळांना जपानला जावे लागते. दुकानाच्या कोपऱ्यात उरलेल्या चिंध्यांचे गाठोडे असते. त्या घरी नेऊन आई गोधडी शिवते. प्रस्तुत लेखकाने एका मुलाखतीत ‘आईच्या गोधडीतून रंगसंगती शिकलो’ असे सांगितले. मुलाखत वाचून आईने फोन केला. ‘‘कसली रंगसंगती? ज्या चिंध्या होत्या त्या लावल्या. निळी संपली म्हणून लाल लावली.’’

या शिक्षणाचा शेवट परीक्षणाने, म्हणजे ज्युरीने होतो. चारपाच जाणती माणसे बसतात, विद्यार्थी काम मांडतो, आणि ती मान हलवून ‘अजून थोडा विचार व्हायला हवा होता’ असे म्हणतात. या प्रकाराचा जुना नमुना नामदेवांच्याच कथेत आहे. संतांची बैठक होती. मडकी पक्की की कच्ची हे थापटण्याने ठोकून पाहणारे गोरोबाकाका तिथे होते. त्यांनी एकेकाच्या डोक्यावर थापटणे मारत परीक्षा घेतली. बाकी सगळे गप्प बसले. नामदेव मात्र रागावले, आणि निकाल लागला : हे मडके कच्चे आहे. ज्युरीसमोर तोंड उघडू नये हा नियम तेव्हापासूनचा असावा. पुढे नामदेवांना विसोबा खेचर गुरू भेटले, तेही घराजवळ, याच जिल्ह्यातल्या औंढा नागनाथला, असे सांगतात. तिथल्या देवळाची आणखी एक गोष्ट प्रसिद्ध आहे. पुजाऱ्यांनी नामदेवांना पुढून हुसकावले, ते मागे जाऊन कीर्तन करू लागले, तेव्हा अख्खे देऊळ त्यांच्याकडे तोंड करून फिरले, म्हणून नंदी मागच्या बाजूला राहिला. कारागिरांनी एवढ्या काळ्या दगडात कोरून पुरे केलेले काम शेवटच्या क्षणी फिरवायला लागावे, आणि एक वस्तू जुन्या जागीच विसरली जावी, हे वाचून कोणत्याही डिझायनरचा कंठ दाटून येतो. त्याच्याकडे दर आठवड्याला हेच होते, फक्त फिरवायला सांगणारा देव नसतो.

शेवटचा टप्पा व्यवसायाचा. पदवी घेऊन आलेल्या प्रस्तुत लेखकाला पहिले काम मिळाले ते हिंगोलीच्या रस्त्यावरच्या एका खाणावळीचे. मालकांना बोर्ड हवा होता. गावरान जेवण, मडक्यातले पाणी, मडक्यातले दही, तेव्हा चिन्ह मडक्याचे, इथवर दोघांचे एकमत झाले. तीन आठवडे काम चालले. मडक्याचे एकशे चाळीस कच्चे आराखडे निघाले. ईम्स यांच्या सगळ्या प्रश्नांची उत्तरे देण्यात आली. शेवटी एका अखंड रेषेत, जांभळ्या रंगात, वर किंचित निमुळते तोंड असलेले, बुडाला गोल, चुंबळ नसलेले मडके तयार झाले. अत्यंत साधे. त्यात काढून टाकण्यासारखे काहीच उरले नव्हते.

मालकांनी बोर्ड रस्त्याच्या पलीकडे जाऊन पाहिला. परत आले. पुन्हा गेले. येताना पानवाल्याला बरोबर घेऊन आले.

‘‘साहेब, काम झ्याक केलंत,’’ ते म्हणाले. ‘‘पर हे वांगं कामून काढलं?’’

‘‘वांगं नाही हो, मडकं आहे.’’

मालकांनी पानवाल्याकडे पाहिले. पानवाल्याने बोर्डाकडे पाहिले आणि पान दुसऱ्या गालात सरकवले.

‘‘वांगं हाय,’’ पानवाला म्हणाला.

पैसे आधीच दिलेले होते आणि बोर्ड खिळ्यांनी पक्का ठोकलेला होता. मालक थोडा वेळ विचार करत उभे राहिले. मग त्यांनी आत स्वयंपाकघराकडे तोंड करून हाक दिली, आणि दुसऱ्या दिवसापासून त्या खाणावळीत भरीत-भाकरी मिळू लागली. गर्दी चांगली असते. जाणारा-येणारा बोर्ड पाहूनच थांबतो.